भिंतीचं टेंपरेचर

आई-बाबांच्या बेडरूमच्या भिंतीवर तीन वर्षं एक नकाशा आहे. पहिल्या पावसाळ्यात तो गोव्याएवढा होता. दुसऱ्या वर्षी त्यानं कोकण घेतलं. गेल्या पावसाळ्यात विदर्भासकट संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि बेळगाव-कारवार तेवढं राहिलं होतं, तेही सप्टेंबरात आलं. जे कुणाला जमलं नाही ते आमच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटच्या ओलीनं करून दाखवलं.

बाबा दर दिवाळीला पोपडे खरवडतात, पुट्टी भरतात, वर 'डॅम्प-प्रूफ' लिहिलेला महागडा रंग मारतात आणि दोन पावलं मागं सरकून म्हणतात, "आता बघ." आम्ही बघतो. जून येतो. नकाशा येतो.

पाणी येतंय कुठून, याबद्दल घरात मतभेद नव्हतेच. नकाशाच्या बरोब्बर डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, वरच्या काकूंचं बाथरूम आहे. आता आणखी काय पुरावा पाहिजे? बाबा सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी नियमाचे पक्के. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत लिहिलंय तेच त्यांनी ऐकवलं: गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी आलं तर खर्च सोसायटीचा, एका फ्लॅटच्या संडास-बाथरूम-सिंकमधनं दुसऱ्यात आलं तर संबंधितांनी आपसात बघायचं. म्हणजे काकूंनी बघायचं.

आणि काकूंनी बघितलं की. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. वाद घालायचा त्यांचा स्वभाव नाही. बाथरूमची फरशी उखडली, खालचा ब्रिकबॅट कोबा काढला, नवं वॉटरप्रूफिंग, नव्या टाइल्स. बेचाळीस हजार रुपये. वर पंधरा दिवस रोज सकाळी पिशवीत टॉवेल घालून रिक्षानं ताराबाई पार्कात लेकीकडं आंघोळीला. वय अडुसष्ट.

पुढच्या जूनमध्ये नकाशा परत आला. बाबा काय म्हणाले असतील? "गवंड्यानं काम नीट केलं नसणार." हे त्यांनी जिन्यात म्हटलं आणि जिन्यातलं बोलणं वर जातं. त्या वर्षी गौरीच्या फराळाचं ताट वरनं आलं नाही. आईनं पाठवलेलं परत आलं नाही, पण ताट धुऊन, पुसून, रिकामं आलं. कोल्हापुरात रिकामं ताट परत येणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं.

तर असा सगळा मामला.

मी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या परचेस डिपार्टमेंटला आहे. बाहेरच्यांना कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा आठवतो. आम्हाला आठवते मोल्डिंग सँड आणि तिचा रोज बदलणारा रेट. आमच्या मेंटेनन्सला एक मामा आहेत. वय पन्नाशीच्या पुढं, शिक्षण आयटीआय, आणि अख्ख्या प्लँटमध्ये कुठली मशीन कधी रुसणार हे त्यांना आदल्या दिवशी कळतं. त्यांच्या गळ्यात मोठ्या टॉर्चसारखा एक पिवळा कॅमेरा असतो. इलेक्ट्रिक पॅनेल उघडलं की ते लांबनंच कॅमेरा धरतात. स्क्रीनवर सगळं जांभळं-निळं आणि एखादाच जॉइंट पांढराफटक दिसला की समजायचं, तो ढिला आहे, तापतोय, आज ना उद्या जळणार. भट्टीचंही तसंच. आतलं अस्तर झिजलं की बाहेरच्या पत्र्यावर तिथं गरम ठिपका दिसतो.

एका दुपारी चहाच्या वेळी मी त्यांना नकाशाची कथा सांगितली आणि म्हटलं, "मामा, तुमच्या ह्या कॅमेऱ्यात भिंतीतलं पाणी दिसेल काय हो?"

"ताई, ह्यो पाणी बघतच न्हाई," मामा म्हणाले. "ह्यो फकस्त गरम-गार बघतो. पाणी तुमचं तुम्ही वळखायचं."

हे वाक्य तेव्हा मला टाळाटाळ वाटलं होतं. सगळी गंमत त्यातच आहे हे नंतर कळलं.

थोडं मागं जाऊ. ज्या विल्यम हर्शलनं १७८१ साली युरेनस शोधला, त्यानंच १८०० साली लोलकातनं सूर्यप्रकाशाचे रंग पाडले आणि कुठला रंग किती गरम हे बघायला थर्मामीटर ठेवले. तांबड्याच्या पलीकडं, जिथं डोळ्याला काहीच दिसत नव्हतं, तिथं पारा सगळ्यात जास्त चढला. हा झाला अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानाप्रमाणे तो सोडत असते. तुम्ही, मी, भिंत, चहाचा कप, सगळेच. २०२० साली ऑफिसच्या गेटवर वॉचमन आपल्या कपाळाला जी बंदूक लावायचा, ती हेच मोजायची, पण एकाच ठिकाणचं. मामांचा कॅमेरा १६० बाय १२० चा. म्हणजे एका क्लिकमध्ये एकोणीस हजार दोनशे ठिकाणचं तापमान, आणि त्याला दिलेले रंग. रंग खरे नसतात, नुसते सोयीसाठी. आणि हो, मोबाईलमध्ये फुकट मिळणारी 'थर्मल कॅमेरा' ॲप्स नुसता फिल्टर मारतात. साध्या फोनला तो सेन्सरच नसतो. मी आधी तेच डाउनलोड करून बसले होते, म्हणून सांगते.

मग ओल कशी कळते? माठासारखी. माठातलं पाणी भांड्याच्या अंगातनं झिरपतं, बाहेर येऊन उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. ही उष्णता थोडीथोडकी नव्हे. लिटरभर पाणी चहाच्या उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते, त्याच्या सातपटीहून जास्त उष्णता तेवढंच पाणी वाफ होऊन उडायला लागते. ओली भिंत म्हणजे उभा माठच. कोरड्या भिंतीपेक्षा ती अर्धा-एक अंश, कधी दोन-तीन अंश गार असते. हाताला कळत नाही, पण कॅमेऱ्याला अंशाच्या दहाव्या भागाएवढा फरकही कळतो.

जुलैत एका रविवारी मामा घरी आले. बाहेर कोल्हापुरी पाऊस, म्हणजे आठ दिवस सूर्य नाही आणि कपडे वाळायला पंख्याखाली. आईनं कांदाभजी केली होती, बाबा डॉक्टर आल्यासारखे दारात उभे. मामांनी कॅमेरा नकाशावर धरला. स्क्रीनवर काय दिसलं? काही नाही. सगळी भिंत एकसारखी निळी. मी म्हटलं, "बिघडला काय?"

"कॅमेऱ्याला काय हुतंय? तुमचा माठ जुलैत गार हुतो काय?"

नाही होत. हवाच इतकी दमट असते की पाणी उडायला जागाच नाही. उडणं नाही तर गारवा नाही, आणि गारवा नाही तर चित्र नाही. डोळ्यासमोर महाराष्ट्र ढळढळीत ओला आणि कॅमेरा म्हणतो, सब ठीक है. मामांनी भजी खाल्ली, "ऑक्टोबरात येतो" म्हणाले आणि गेले. बाबांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं आजच काकूंचा निकाल लागणार.

थांबायचं म्हटल्यावर मला शाहूपुरीतल्या मावशीचं घर आठवलं. आपल्याकडं पावसाळ्यात क्रिकेटच्या स्कोअरसारखं विचारतात, "आज किती फूट?" पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गावात यायला-जायला रस्ता नाही. मावशीच्या तळमजल्यात छातीएवढं पाणी होतं. पाणी उतरलं, चिखल काढला, आणि दिवाळी तोंडावर म्हणून काकांनी घाईघाईनं ऑइलपेंट मारून घेतला. संक्रांतीपर्यंत तो पापडासारखा सुटला आणि खालनं पांढरा लोणा बाहेर आला. परत रंग. आणि २०२१ च्या जुलैत नदी ५६ च्याही वर. परत पाणी, परत रंग.

तेव्हा कुणालाच कळत नव्हतं की दोष रंगाचा नाही. विटेनं प्यालेलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो. जुना ठोकताळा आहे, इंचाला महिना. म्हणजे नऊ इंची भिंतीला, वारा नीट लागला तरी, नऊ महिने. आपण दोन महिन्यांत वर ऑइलपेंटचं प्लास्टिक गुंडाळतो आणि आत पाणी कोंडतो. शिवाजी पेठेत जुने चुन्या-मातीचे वाडे आहेत. त्यांच्या भिंती निदान श्वास तरी घेतात, पण पुरात मातीच्या भिंती बसतातही, त्यामुळं जुनं ते सोनं वगैरे म्हणायचा माझा मूड नाही. फक्त एवढंच वाटतं, पुरानंतर त्या गल्लीत कुणीतरी दर महिन्याला भिंतींचे असे फोटो काढले असते, तर कुठली भिंत किती वाळली आणि रंगाचा डबा कधी उघडायचा हे कळलं असतं. मावशीचे दोन रंगांचे पैसे वाचले असते.

असो. ऑक्टोबर आला. कोरडी हवा, दुपारी चटका. दोन दिवसांपूर्वी परतीचा पाऊस येऊन गेलेला. मामा म्हणाले, हीच वेळ. संध्याकाळी सहाला आले. या वेळी सोबत पेनासारख्या दोन सुया असलेलं आणखी एक यंत्र होतं, मॉइश्चर मीटर. आधी सगळे पंखे फुल्ल लावायला सांगितले, वाळणं जोरात व्हावं म्हणून. मग वर काकूंकडं मीच गेले. दारात उभी राहून म्हटलं, "काकू, तुमच्या बाथरूमची जाळी बंद करून गरम पाणी साठवायचंय, दोन तास." त्यांनी माझ्याकडं बघितलं. काहीही न बोलता जाळीत फडकं कोंबलं आणि गीझर लावला.

आयडिया अशी: वरच्या मोरीत कोमट-गरम पाणी तुंबवायचं. खाली फट असेल तर ते पाणी आमच्या स्लॅबवर कुठंतरी रेघ ओढणारच, आणि गरम असल्यामुळं ती रेघ उजळ दिसणार. सात वाजले. स्लॅब एकसारखा. आठ वाजले. तसाच. बाबा म्हणाले, "अजून थांबू." नऊ वाजता मामांनी खुर्चीवर चढून स्लॅबला, बीमला, कोपऱ्याला सुया टोचल्या. कोरडं. सगळं कोरडं.

"पाणी वरनं आलं असतं तर आधी स्लॅब भिजला असता, मग बीम, मग भिंत," मामा म्हणाले. "हितं स्लॅब कोरडा, बीम कोरडा. आणि बीमाच्या खाली भिंत वली. मग वरनं कसं?"

खरंच की. तीन वर्षं आम्ही चौघं त्या भिंतीकडं बघत होतो (दादा पुण्यातनं व्हिडिओ कॉलवर), आणि नकाशाचं वरचं टोक छताला टेकलेलंच नाही, हे एकानंही बघितलं नव्हतं. काकूंची मोरी वर आहे म्हटल्यावर बघायची गरजच नव्हती ना!

मग मामांनी कॅमेरा भिंतीवरनं हळूहळू फिरवायला सुरुवात केली. नकाशा गार, गडद जांभळा. पण तो बेडरूमच्या कोपऱ्यात संपत नव्हता. भिंतीच्या पलीकडं जात होता. पलीकडं माझी खोली. आम्ही माझ्या खोलीत गेलो. मामांनी माझं कपाट दोन फूट ओढलं आणि कॅमेरा धरला. कपाटामागच्या भिंतीवर जांभळा डाग होता, बेडरूममधल्यापेक्षा गडद. त्याचं टोक वर-वर जात एका ठिकाणी येऊन थांबत होतं. तिथं दोन तांब्याच्या नळ्या भिंतीतनं बाहेर जातात.

माझ्या एसीच्या.

तीन वर्षांपूर्वी पहिल्या बोनसमधनं घेतलेल्या माझ्या एसीच्या. नळीचं भोक पाडताना ते बाहेरच्या बाजूला उतरतं पाडायचं असतं, म्हणजे पाऊस लागला तरी पाणी बाहेर पडतं. आमच्याकडं ते आत उतरतं पाडलेलं होतं, आणि वर सिमेंटऐवजी बोटानं दाबलेली पुट्टी. ती पहिल्याच उन्हात भेगाळली असणार. पश्चिमेची भिंत, कोल्हापूरचा पाऊस. कुणाला दोष देऊ? ज्यांनी बसवला ते त्यांचं काम करून गेले, आणि मी खाली उभी राहून नव्या एसीचे फोटो काढत होते.

तरी मामांनी घाई केली नाही. हे मला सगळ्यात आवडलं. "गार दिसलं म्हंजे वलंच आसंल आसं न्हाई," म्हणाले. गार डाग एसीच्या वाऱ्यानंही पडतो, फटीतनं येणाऱ्या हवेनंही. विटांच्या भिंतीत आरसीसीचा कॉलम असला तरी तो वेगळा दिसतो. शिवाय कॅमेरा स्वतःच रंगांची पट्टी ताणतो. अख्ख्या भिंतीत अर्धा अंशाचाच फरक असला तरी एक टोक लालभडक आणि दुसरं काळंनिळं करून दाखवतो, बघणारा घाबरतोच. काकूंच्या चकचकीत टाइल्सवर कॅमेरा धरला तेव्हा तर भिंतीत एक पिवळं भूत उभं होतं. ते मीच होते, टाइलमध्ये पडलेलं माझ्याच अंगच्या उष्णतेचं प्रतिबिंब. म्हणून मग सुया. एसीच्या भोकाखाली मीटरनं टणकन वरचा आकडा दाखवला. नंतर मामांनी बाहेर गॅलरीतनं पाइप धरून भोकाच्या तोंडावर पाणी मारलं. पंचवीस मिनिटांनी आत कपाटामागं नवा गार ओघळ उतरताना आम्ही सगळ्यांनी स्क्रीनवर बघितला. बाबा काही बोलले नाहीत. उठून पंखे बंद करत सुटले, गरज नसलेलेही.

तुमच्याकडंही हल्ली असे कॅमेरेवाले येत असतील. पुण्या-मुंबईत तर आता सर्रास येतात, आणि २०१४ पासून फोनला लावायचे छोटे कॅमेरेही बाजारात आहेत. बोलवा जरूर. फक्त भर पावसाळ्यात नको. नुसते रंगीबेरंगी फोटो हातात ठेवून 'अख्खी भिंत फोडा' म्हणणाऱ्याला विचारा, कन्फर्म कशानं केलंत? आणि गच्चीचं असेल तर सूर्य मावळल्यावर बोलवा. तिथं उलटी गंमत असते. पाण्याला तापायला काँक्रीटच्या चारपटीहून जास्त उष्णता लागते, तसंच ते निवायलाही वेळ लावतं. म्हणून दिवसभर तापलेल्या गच्चीवर, रात्री बाकीचं गार झालं तरी, ओला भाग गरमच चमकत राहतो. भिंतीत ओल गार दिसते, गच्चीवर गरम. कॅमेरा तोच. मामांचं पहिल्या दिवशीचं वाक्य मला तेव्हा पटलं.

दुसऱ्या दिवशी भोक नव्यानं पाडून घेतलं, बाहेर उतरतं, आणि नीट भरलं. खर्च किती, तर आमच्या चौघांच्या एका मिसळीच्या बिलाएवढा. भिंतीला मात्र ब्रश लावायचा नाही अशी मामांची सक्त ताकीद आहे. "वाळू दे. म्हैन्याला फोटू काढू." त्यामुळं संयुक्त महाराष्ट्र अजून भिंतीवर आहे. कडेनं हळूहळू फिका पडतोय.

वर जायचं काम राहिलं होतं. बाबांनी दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. शेवटी मी आणि आई गेलो. सोबत कॅमेऱ्यातल्या फोटोची प्रिंट आणि एक पाकीट. काकूंनी चष्मा लावून प्रिंट बराच वेळ बघितली. जांभळा डाग, त्याचं टोक, नळ्या.

"म्हंजे आमची मोरी बरी होती."

"हो काकू. चूक आमची होती."

"मला वाटत होतंच. पण म्हटलं, वर पाणी माझंच, आणखी कुठनं येणार?" पाकीट त्यांनी उघडलं नाही. टीपॉयवर ठेवून पुन्हा प्रिंटकडं बघायला लागल्या. "पैशाचं न्हाई गं एवढं. त्या जुन्या फरश्या ह्यांनी निवडल्या होत्या. लक्ष्मीपुरीत अख्खा दिवस हिंडून. हिरव्या रंगाच्या. मला कधी आवडल्या नव्हत्या, रोज बोलायची त्यावरनं."

आई म्हणाली, "वहिनी..." आणि पुढं तिला काही सुचेना. काकू आत गेल्या. चहा घेऊन आल्या. पाकिटातले निम्मे मोजून ठेवून घेतले, निम्मे परत केले; आईनं किती म्हटलं तरी ऐकलं नाही. आम्ही उठलो तेव्हा दारात मला म्हणाल्या, "त्या मामांना एकदा वर पाठव. देवघराच्या मागं माझ्याही एक डाग आहे. दोन वर्षं झाली, कुणाला सांगितला नव्हता."